अर्बाबने पासपोर्ट दिला नाही

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मला लिन्सी नावाच्या मुलीचा फोन आला. आईवडील केरळचे, जन्म मस्कतचा, आणि बोलणं असं लाघवी की नाही म्हणणं जड जावं. इथल्या एका हौशी क्लबसाठी ती जुन्या खेळाडूंची माहिती गोळा करत होती. मस्कतमध्ये तेरा जणांचा रग्बी पहिल्यांदा जे खेळले, त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची होती. कुणाच्या तरी मुलीने इंग्लंडहून जुन्या कागदांचे फोटो पाठवले होते. त्यात दुबईच्या पहिल्या सामन्यासाठी निवडलेल्या तेरा जणांची हाताने लिहिलेली यादी होती. पहिलंच नाव होतं वसंत घाडी, आणि त्यावर रेघ मारलेली होती. "तुमचे वडील ना, मॅडम? मग नाव का खोडलंय?" तिने विचारलं. मी माबेलाच्या आमच्या फ्लॅटमध्ये लसूण सोलत उभी होते. मुलगा-सून नेहमीसारखे हायवेवर अडकलेले. मी सुरी खाली न ठेवताच म्हणाले, "त्यांच्या अर्बाबने पासपोर्ट दिला नाही." "हो का? त्या काळी असंच असायचं ना," लिन्सी हळहळली. आणि मी म्हणाले, "हो ना."

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, नातवाला खरं बोलावं म्हणून दिवसातून दहादा सांगणाऱ्या बाईने हे उत्तर दिलं. चौदाव्या वर्षी दिलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, तितक्याच सफाईने. फोन ठेवल्यावर मला लसूण सोलवेना. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण गाळायचं असं मी ठरवलं होतं, हेही इथेच सांगून टाकते.

आम्ही तेव्हा मस्कतच्या हमरियात राहायचो. खाली एका बांगलादेशी शिंप्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये आईने डब्यांत लावलेला कढीपत्ता. घरात दिवसभर शिलाईच्या मशिनचा आवाज यायचा, त्यावर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, त्यावर दोन मशिदींची बांग, एक दुसरीच्या किंचित मागे. आणि या सगळ्याखाली एसींची घरघर. बाबा एसी मेकॅनिक. कामावरून आले की बूट काढता काढता कान द्यायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्या माळ्यावरचो जाता आता, चार दिवस काडीत." चार दिवसांनी तो एसी खरोखरच बंद पडायचा आणि दुसऱ्या माळ्यावरचे सुदानी मास्तर आमच्या दारात उभे. आम्ही देवगडच्या बाजूचे. आई आणि बाबा घरात मालवणी बोलायचे. मला ती कळायची सगळी, पण मी शाळेतल्या मराठीत, निम्मं इंग्रजी घालून उत्तर द्यायची. मालवणी तोंडातून निघाली तर कुणी ऐकेल अशी भीती मला बंद दाराआडही वाटायची. माझ्या लाजेची सुरुवात शोधायची तर ती इथेच कुठेतरी सापडेल. बाकी घरात कमी काही नव्हतं. मत्राहच्या बाजारातून बाबा बांगडे आणायचे, आई गावाहून आलेली तिरफळं ठेचून तिखलं करायची, आणि शुक्रवारी दुपारी त्या वासावर गच्चीतली मांजरं दाराशी येऊन बसायची.

आमच्याकडे टेलिफोन होता. एका मेकॅनिकच्या घरी टेलिफोन ही तेव्हा चैन होती, पण तो अर्बाबने घेऊन दिला होता. अर्बाब म्हणजे मालक. नाव हमूद, मूळचे सहमचे. तिथे त्यांची लिंबांची आणि खजुरांची बाग होती, आणि रुवीत एसी दुरुस्तीचं दुकान. बाबांवर त्यांचा फार विश्वास. दुकानाची एक चावी त्यांच्याकडे आणि दुसरी बाबांकडे असायची. आईचा आणि माझा व्हिसाही त्यांनीच खटपट करून मिळवला होता. त्यांनी मनावर घेतलं नसतं तर मी गावच्या शाळेतच राहिले असते. उन्हाळ्यात इंग्रज मडमांचे एसी बंद पडले की दुकान बंद असलं तरी निरोप मिळावा म्हणून तो फोन. आणि तो घ्यायची मी. बाबांचं इंग्रजी 'येस सर, नो गॅस सर' इथे संपायचं. मी फोन घ्यायचे, काय बिघडलंय ते नीट विचारायचे, बाबांना सांगायचे, बाबा म्हणतील ते उलट इंग्रजीत सांगायचे. बाबा शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. "आमची सुलू बोलता तेवा कोण म्हणतला ही घाड्याची चेडू म्हणान?" असं ते कौतुकाने आईला सांगायचे. मलाही त्या वेळी स्वतःचं फार कौतुक होतं.

डेरेक साहेब आमच्या घरात आले ते या फोनमधूनच. पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर ते इंजिनियर होते. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणगावचे; बाप गिरणीत कामाला. त्यांच्या गावी रग्बी तेरा जणांचा खेळतात. मस्कतमधले बाकीचे इंग्रज पंधरा जणांचा खेळायचे आणि तेरावाल्यांना नाकं मुरडायचे, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर कदाचित काही वेगळं झालं असतं, असं मी स्वतःला अधूनमधून समजावते. पण नसतंच झालं. तर या डेरेक साहेबांना त्यांच्या पद्धतीची टीम काढायची होती आणि माणसं मिळत नव्हती. दार्सेतला एका मोकळ्या जागेवर आमच्या कोकणातली मंडळी शुक्रवारी कबड्डी खेळायची. बाबा डाव्या कोपऱ्यात. साहेब गाडी थांबवून बघत बसले आणि बाबांनी एकाचा घोटा पकडल्याबरोबर गाडीतून उतरले. त्यांना पाहिजे ती पकड हीच होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुझ्या वडिलांना सांग, मी वीस वर्षं हा खेळ बघतोय, इतक्या खालून कुणाला धरताना मी पाहिलेलं नाही." मी सांगितलं. बाबा लाजले. मग म्हणाले, "विचार त्याका, काय करूचा लागता."

खेळ सोपा होता. अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवायचा. समोरचे तुम्हाला धरून पाडतात. पाडलं की सोडायचं, पडलेल्याने उठून चेंडू पायाखालून मागे सरकवायचा आणि पुन्हा सुरू. असं सहा वेळा. मग चेंडू समोरच्यांना. "ह्यो आपलो हुतूतूच," बाबांनी आईला समजावलं, "नुसतो हातात नारळ धरूचो." आई म्हणाली, "ह्या वयात चड्डी घालून धावतास, तुमका लाज नाय वाटना?" "मगे लुगडा नेसान कोण धावता काय?" बाबा म्हणाले आणि दोघंही हसली. ग्राउंडवर गवत नावाला नव्हतं. टीममधलेच लोक सामन्याआधी टोपल्यांनी खडी उचलायचे आणि टँकरने पाणी मारायचे. तरी बाबा घरी यायचे ते दोन्ही गुडघे सोलून. आई बडबडत हळद लावायची, आणि ते मला साहेबाने सांगितलेले नियम पुन्हा पुन्हा विचारून पाठ करायचे.

पहिला सामना बघायला आम्ही गेलो. मी मुद्दाम माझा पांढरा फ्रॉक घातला होता. शाळेतल्या दोन-तीन मुली आईवडिलांबरोबर आल्या होत्या, त्यात मेघना. तिचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे. मंडळाच्या गणपतीत त्यांचंच घर पुढे असायचं. बाबांच्या हातात चेंडू आला आणि ते सुटले. एक चुकवला, दुसरा चुकवला, तिसऱ्याच्या हातातून निसटले. ते जवळून गेले तेव्हा मला ऐकू आलं की ते पुटपुटतायत, "कबड्डी कबड्डी कबड्डी", एका दमात, सवयीने. सगळे उभे राहून ओरडत होते. समोर रेषा दहा पावलांवर, मध्ये कुणीही नाही. आणि तिथे बाबांचा दम संपत आला. दम संपायच्या आत आपल्या अंगणात परतायचं, हे त्यांच्या पायांना लहानपणापासून माहीत. बाबा गर्रकन वळले आणि चेंडू घेऊन, तेवढ्याच जोरात, आपल्याच बाजूला धावत सुटले. मध्यरेषा ओलांडून आले, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि हसत उभे राहिले. क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग सगळं मैदान हसायला लागलं. डेरेक साहेब तर जमिनीवर बसले. बाबाही हसले, कारण चूक लक्षात आल्यावर त्यांनाही ती गंमतच वाटली. हसले नाही ती एकटी मी.

सोमवारी मधल्या सुट्टीत मेघना व्हरांड्यातून डबा छातीशी धरून धावली. "कबड्डी कबड्डी कबड्डी" करत टोकापर्यंत गेली, गर्रकन वळली आणि परत आली. वाकून जमिनीला हात लावला. मुली हसून लोळल्या. त्यात वाईट हेतू फारसा नसावा; तिची नक्कल चांगली होती एवढंच. पण ते वर्षभर चाललं. बास्केटबॉलच्या तासाला कुणी चुकीच्या बाजूला गेलं की 'घाडी टर्न'. मी उत्तर चुकून बसले की 'घाडी टर्न'. मी मेघनावर कधी चिडले नाही. चिडायचे ती बाबांवर. ते सरावाची पिशवी खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत जिना उतरायला लागले की मी खिडकी लावून घ्यायची.

खरं म्हणजे बाबा त्या चुकीतून दोनच सामन्यांत बाहेर पडले होते. पाडल्यावर सोडायचं, दम तुटला तरी पुढेच जायचं, हे त्यांनी पक्कं केलं. पुटपुटणं तेवढं सुटलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याशिवाय टीमचं पान हलत नव्हतं. फिजीचा एक दांडगा शिपाईगडी समोर यायचा, दोघातिघांना अंगावर घेऊन धावायचा. बाबा त्याच्या निम्मे असतील. पण घोट्याला हात पडला की तो कोसळायचाच. मग बाबा त्याला हात देऊन उठवायचे. डेरेक साहेब फोनवर मला हे सगळं रंगवून सांगायचे, आणि मी बाबांना सांगायची: "साहेब म्हणतात, बरं खेळलात." बस्स, एवढंच. फोनमध्ये पाच मिनिटं चाललेलं बोलणं माझ्या तोंडून चार शब्दांत बाहेर पडतंय हे बाबांना समजत नसेल का? पण ते तेवढ्यावरही खूष असायचे. मी त्यांचं कौतुक वर्षभर असं आधीच गिळत होते. पुढे केलं ते एकदम आभाळातून पडलेलं नाही.

तो फोन आला तेव्हा बाबा गच्चीवर आंघोळीनंतर कपडे वाळत घालत होते. आई खाली सामान आणायला गेली होती. डेरेक साहेबांचा आवाज चढलेला होता. दुबईला सामना ठरला होता, पुढच्या शुक्रवारी. त्यांच्या भाषेत तो पहिला मोठा सामना. तेरा जणांची यादी झाली होती. "तुझ्या बाबांना सांग, पहिलं नाव मी त्यांचं धरलं होतं. बाकीचे मागून भरले. बसने जायचंय. पासपोर्ट अर्बाबकडून बुधवारपर्यंत घ्यायला सांग, हद्द ओलांडायचा परवाना काढायचाय." तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत असायचे, त्यात विशेष काही नव्हतं. मी ऐकत होते, आणि माझ्या डोक्यात मेघनाने दोनच दिवसांपूर्वी सांगितलेलं फिरत होतं: दुबईचा सामना टीव्हीवर दाखवणार, तिच्या पप्पांना बँकेत कळलंय. मला दिसलं ते एवढंच. सगळ्या शाळेच्या घराघरांत टीव्ही लागलेत, आणि पडद्यावर माझा बाप चड्डीत, तोंडाने कबड्डी कबड्डी करत पळतोय.

मी म्हणाले, "सर, त्यांना येता येणार नाही. अर्बाब पासपोर्ट देणार नाहीत." साहेब लगेच म्हणाले, "त्यांनी विचारलं का?" "हो सर. आधीच विचारलं होतं. नाही म्हणाले." हे मी न अडखळता सांगितलं. साहेब म्हणाले, मी बोलतो अर्बाबशी. तेव्हाही माझी अक्कल शाबूत होती. "नको सर, प्लीज. बाबांची नोकरी जाईल." ते म्हणाले, "ठीक आहे पोरी. त्यांना सांग मला फार वाईट वाटलं." इंग्रजी चांगलं बोलायला शिकवलं म्हणून मी आयुष्यभर शाळेचे आभार मानले आहेत, ते पहिल्यांदा पूर्ण कामाला आलं ते इथे.

बाबा खाली आले. हातात ओली बादली. "कोणाचो गो?" "डेरेक साहेबांचा. दुबईची टीम ठरली. तेरा जण झाले म्हणाले. तरुण मुलं घेतलीत." बाबांनी बादली ठेवली. ते छत्तीस वर्षांचे होते. आज माझा मुलगा त्याच वयाचा आहे आणि मी त्याला अजून 'बाळा' म्हणते. "बरा झाला," ते म्हणाले. "जुवान पोरांकाच घेवक होया. माझा आता वय झाला." मग थोड्या वेळाने विचारलं, "माझा नाव काढल्यान काय?" मी म्हणाले, "नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट घासून धुतले, गच्चीवर वाळवले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि कपाटावर ठेवून दिले. सरावाला ते गेले नाहीत. "मी गेलंय तर साहेबाक अवघडल्यासारखा होतला," असं ते आईला म्हणाले. आपल्याला वगळणाऱ्या माणसाला अवघडायला नको, असा विचार करणारा माणूस होता तो. बस गेली, परत आली. ते हरले होते. टीव्हीवर काहीही दाखवलं नाही.

महिना गेला असेल. शुक्रवारची दुपार, पानं वाढलेली, तिखलं चुलीवरून नुकतंच उतरलेलं. दार वाजलं. अर्बाब हमूद उभे होते. एरवी ते यायचे ते आधी फोन करून, हातात सहमच्या लिंबांची पेटी, आणि उंबऱ्यात चपला काढून आधी आईच्या प्रकृतीची चौकशी. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या नाहीत. हातात काही नव्हतं. "वसंत," ते उभ्यानेच म्हणाले, "तुम मेरे से पासपोर्ट कब माँगा?" बाबा उष्ट्या हाताने उठले. "नहीं माँगा, अर्बाब." "तो उस डेरेक को कौन बोला, मैं नहीं देता? आज मेरे आदमी उसका एसी लगाने गए. मैं भी साथ था. वो सब के सामने मेरे को बोलता है, तुम आदमी को कैद में रखता है." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बीस साल से मैं लोग रखता हूँ. ऐसा मेरे को कोई नहीं बोला."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या फोनकडे. मग माझ्याकडे. एवढंच, आणि तेही पटकन, दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही असं. मी भाताचा घास हातात धरून बसले होते. मला वाटलं आता ते विचारणार, आणि मी सांगणार. सांगितलं असतं का? मला माहीत नाही. ती वेळच आली नाही. बाबा म्हणाले, "मैं बोला, अर्बाब." "तुम?" "हाँ. जाने का मन नहीं था. साहेब को ना कैसे बोलना, तो तुम्हारा नाम ले लिया. गलती हो गया. माफ करो." "मेरे को बोलता," अर्बाब म्हणाले, "मैं खुद अपनी गाड़ी में दुबई छोड़ के आता." मग हात झटकला, "खलास," म्हणाले आणि जिना उतरून गेले. शिंप्याची मशिन चालू होती.

आई म्हणाली, "अवो, तुमी कदी म्हटल्यात असा?" बाबा पाटावर बसले. "जेवा आता," ते म्हणाले. "तिखला थंड झाला तर मजा नाय." आणि त्यांनी माझ्या पानात बांगड्याचा मधला तुकडा वाढला, नेहमी वाढायचे तसाच. तो मी खाल्ला. सगळा खाल्ला. लाज या शब्दाचा मला माहीत असलेला अर्थ त्या तुकड्याएवढा आहे.

अर्बाबने बाबांना कामावरून काढलं नाही. फक्त दुकानाची चावी त्या आठवड्यात परत मागितली आणि दुसऱ्याला दिली. त्या वर्षी सहमची लिंबं आली नाहीत. आईने बाजारातून आणून लोणचं घातलं, तेही नंतर बंद केलं. डेरेक साहेबांना अर्बाबकडून 'खरं' समजलं, की वसंतनेच खोटं सांगितलं होतं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. मैदानावर ज्याच्या शब्दावर आणि पकडीवर सगळे विसंबून असायचे, तो माणूस दोन्हीकडे खोटा ठरला. पुढे अकरा वर्षं बाबा त्या दुकानात राहिले, आणि रग्बी पुन्हा खेळले नाहीत. त्यांच्या खेळाची सगळी कारकीर्द भरली दोन हंगामांची.

मी वाट बघत होते की ते माझ्या हातातून फोन काढून घेतील. दोनच दिवसांनी फोन वाजला. मी जागची हलले नाही. बाबा दाढी करत होते, तोंडाला साबण. "बघ गो," आतून म्हणाले, "कोण आसा तो." मी उठले. कुणा मडमेचा एसी गळत होता. मी सांगितलं, आणि बाबांनी त्यावर पूर्वीसारखाच विश्वास ठेवला, हत्यारांची पेटी उचलली आणि गेले. एक शब्दही तपासून घेतला नाही. त्यांनी मारलं असतं, बोलले असते, महिनाभर अबोला धरला असता तर मी कधीतरी मोकळी झाले असते. पण ते तसे नव्हते, आणि मी माफी मागायला आजचं उद्यावर ढकलत राहिले. पुढे लग्न झालं, मूल झालं, आई-बाबा गावी परतले, आई गेली. दर सुट्टीत गावी जाताना विमानात मी वाक्य जुळवायची. उतरल्यावर ते समोर हसत उभे, हातात माझ्यासाठी शहाळं, आणि वाक्य कुठल्या कुठे.

त्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांना इथे घेऊन आले होते, तपासण्यांसाठी. डॉक्टर तरुण ओमानी होता, सभ्य, इंग्रजीत हळूहळू बोलत होता. बाबा खुर्चीत बसून त्याच्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते, पूर्वी फोनपाशी उभे राहून बघायचे तसे. डॉक्टर थांबला. मी काय सांगावं ते जुळवत होते. थोडं गाळून, थोडं मऊ करून. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पकड अजून तशीच होती. "सुलू," ते म्हणाले, "त्यान जा सांगल्यान ना, ताच सांग." इतक्या वर्षांत त्या दुपारबद्दल ते एवढंच बोलले, आणि हे त्याबद्दलच होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी सगळं सांगितलं. किती महिने तेही. त्यांनी मान डोलावली. "बरा सांगलंस," म्हणाले. तेव्हा तरी मी म्हणायचं होतं. मी त्यांची फाइल आवरत बसले. पुढे सहा महिन्यांत ते गेले.

एवढं लिहून झाल्यावर मी काल लिन्सीला फोन केला. तिला वाटलं जुना फोटो वगैरे सापडला. मी म्हणाले, माझ्या वडिलांच्या नावापुढे तू काय लिहिलंयस ते वाच. तिने वाचलं: निवड झाली होती, मालकाने पासपोर्ट न दिल्यामुळे जाऊ शकले नाहीत. मी म्हणाले, ते खोड. तो मालक देवमाणूस होता, त्याच्याकडे कुणी मागितलाच नव्हता. "मग काय लिहू, मॅडम?" तिने विचारलं. स्वयंपाकघरात नातू पाणी पीत उभा होता, माझ्याकडे बघत. मी तिला सावकाश सांगितलं आणि तिच्याकडून परत वाचून घेतलं, शब्दन्‌शब्द.

"निवड झाली होती. मुलीने निरोप दिला नाही."